पांढऱ्या चादरीवर उभा केलेला ट्रक

मामीनं ट्रकविरुद्ध ठराव मांडला तेव्हा मामा तिच्यापासून तीन हातांवर बसला होता. जयंतीला अजून महिना होता आणि मिरवणुकीच्या तयारीची विहारातली ती पहिलीच बैठक होती. बँड ठरला, पाणपोई ठरली, झेंड्यांचे बांबू कुणी आणायचे ते ठरलं. मग महिला मंडळाची अध्यक्षा म्हणून मामी उभी राहिली. तिनं पिशवीतून घडी केलेली पांढरी साडी काढली आणि दोन्ही हातांनी उलगडून सगळ्यांना दिसेल अशी धरली. काठापासून वीतभर वरपर्यंत काळ्या-तपकिरी ठिपक्यांची रांग होती.

"ही माझी," मामी म्हणाली. "अशा बावीस साड्या आहेत. यंदा तसबिरीसाठी दुसरी गाडी बघा."

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या वस्तीत मिरवणुकीची तसबीर मामाच्या ट्रकवर असते. पुढं बँड, मध्ये ट्रक, ट्रकच्या मागं पांढऱ्या साड्यांतल्या बायका. ट्रक एरवी मंडपवाल्यांचे बांबू आणि खुर्च्या वाहतो. जुनं डिझेल इंजिन. मिरवणुकीत तीन तास पहिल्या गिअरमध्ये चालवावं लागतं, आणि गेल्या वर्षी त्यानं सगळ्या रस्त्याला तेलाची ठिपक्यांची रांगोळी घातली होती. त्यावरून चपला घसरल्या, चपलांनी ते तेल साड्यांवर उडवलं.

"डिझेलचं इंजिन आहे," मामा म्हणाला. "थोडं तेल सोडणारच."

"मग आम्ही थोडं मागं चालायचं का? किती मागं? मानखुर्दवरनं चालू का?"

विहारात हशा पिकला. मामा हसला नाही. तो सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला.

मला त्या धाग्याचा अर्थ माहीत होता. मामाच्या गावात माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या वेळी मिरवणुकीला कुणी बैलगाडी दिली नव्हती. आजोबा तसबीर डोक्यावर घेऊन गावभर चालले होते, आणि मामा तेव्हा त्यांचा हात धरून चालला होता. पुढं मुंबईत येऊन, दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यानं स्वतःचा ट्रक घेतला, तोही जुनाच. त्याचं पहिलं भाडं त्यानं घेतलंच नाही. पहिली फेरी तसबिरीची. तेव्हापासून जयंतीच्या आधी दोन दिवस तो ट्रक कामाला लावत नाही, धुतो. चाकांचे नटसुद्धा टूथब्रशनं घासतो.

म्हणून मी उठून उभा राहिलो. "लीक मी शोधतो," मी म्हणालो. "पंधरा दिवस द्या."

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी बी.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र. आमच्या दोन्ही घरांत मिळून पहिला पदवीधर. बारावीपर्यंत तालुक्याच्या शाळेत शिकलो आणि पुढं मामा-मामीच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून कॉलेज केलं, आता नोकरीही तिथूनच करतो. निकाल लागला त्या दिवसापासून मामानं मला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. आधी मला वाटलं, थट्टा आहे. नव्हती. "साहेब, जेवून घ्या," "साहेब, पंखा कमी करू का?" मामी मात्र "ऊठ रे, पाणी जाईल" असंच म्हणत राहिली. साहेब झाल्यामुळं माझी फार अडचण व्हायची, कारण साहेबाला काहीतरी माहीत असावं लागतं.

बैठकीत मामीनं अट घातली. जयंतीच्या आधीच्या रविवारी ट्रक मिरवणुकीच्या मार्गावरून मिरवणुकीच्याच वेगानं फिरवायचा. मग विहारासमोर, इंजिन चालू ठेवून, पांढऱ्या चादरीवर तासभर उभा करायचा.

"एक थेंब पडला, की दुसरी गाडी," मामी म्हणाली. "चादर मी देईन. तुमच्यावर सोडलं तर काळी आणाल."

मी काम पद्धतशीर सुरू केलं. ट्रकखाली वर्तमानपत्रं अंथरली, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि प्रत्येक थेंबाभोवती पेननं गोल काढून वेळ लिहिली. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सर्वांत जास्त थेंब एकाच ठिकाणी पडत होते. मी खाली सरपटत जाऊन पाहिलं, तर इंजिनाच्या बाजूनं अंगठ्याएवढा एक पाइप खाली येत होता आणि कुठंच जात नव्हता. जमिनीच्या हातभर वर तो नुसता संपत होता. त्याच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबत होता.

मी तीन वर्षं भौतिकशास्त्र शिकलो. त्यातल्या एकाही आकृतीत नळी अशी अर्धवट सोडलेली नव्हती. नळी कुठून तरी निघते आणि कुठं तरी जाते. मला वाटलं, याचं पुढचं टोक कधीतरी तुटून पडलं असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. मी जुन्या स्लिपरच्या टाचेचा गोल तुकडा कापला, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, दगडानं ठोकून पाइपात बसवला आणि वरून तांब्याच्या तारेचे आठ वेढे दिले. वेढे मोजून दिले. प्रयोगशाळेत तशी सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी पेपर कोरा होता.

"साहेब, थांबलं की हो!" मामा म्हणाला. तो ट्रकखाली गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. मग तो बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. त्याचं ते पाहणं मला शाबासकी वाटलं. दुपारपर्यंत अर्ध्या वस्तीला कळलं होतं की, भाच्यानं एका रुपयाचा पार्ट न घालता लीक थांबवला.

तिसऱ्या दिवशी मामा मुलुंडला खुर्च्या सोडून आला आणि इंजिनाचं डोकं तेलानं माखलेलं होतं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, चारी बाजूंनी पाझरत होतं.

मानखुर्दला मामाचा मिस्त्री आहे. मूळचा मालवणकडचा, इंजिनांशी बोलतो, माणसांशी भांडतो. आम्ही ट्रक त्याच्याकडं नेला. मी पुराव्यासाठी पेपरही नेले होते.

"ह्या काय?" त्यानं विचारलं.

"थेंबांचा नकाशा आहे. वेळेसकट."

त्यानं पेपर ट्रकच्या बॉनेटवर पसरला आणि वाचायला लागला. "म्हणजे टॅपेट कव्हर शेअर बाजारावर पडता. आणि गिअरबॉक्स क्रिकेटवर. बरा आसा. राशिभविष्य कोरडा हा अजून." त्यानं झाकणाचं पॅकिंग बदललं, म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये बसतो तो कागदी-बुचाचा पट्टा. झाकण कोरडं झालं.

दोन दिवसांनी राशिभविष्य भिजलं. कन्या आणि तूळ पूर्ण, वृश्चिक अर्धी. आता इंजिनाच्या तळाच्या परातीतून, म्हणजे चेंबरमधून, तेल येत होतं. मिस्त्रीनं चेंबर उतरवला, नवं पॅकिंग घातलं, वर शेलॅक, म्हणजे चिकट लाख, फासलं. चेंबर कोरडा झाला. मग मागचा ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गळायला लागला. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या दिवशी मला ऑफिसातून रजा मिळाली नाही. मामा आणि मिस्त्री दोघंच होते. संध्याकाळी मामा आला.

"झालं का मामा?"

"झालं साहेब. सील नवा टाकला."

"मिस्त्री काय म्हणाला?"

"तो काय, बोलतोच काहीतरी," मामा म्हणाला आणि आंघोळीला गेला.

एव्हाना आमचा ट्रक वस्तीचा पेशंट झाला होता. नळावर येणारा प्रत्येक जण आधी ट्रकखाली वाकून बघायचा. कुणी म्हणालं, हळद लाव. कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक माणूस कुठल्याशा भाषेत केळ्याचं साल इंजिनाला चोळत होता. समोरचे निवृत्त आजोबा रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे, वर्तमानपत्राकडं बघायचे आणि मला धीर द्यायचे, "माझंपण तसंच आहे रे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मनाला लावून घेऊ नको."

मी मनाला लावून घेतलं होतं. लीक एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, याला कुठल्या तरी नियमाचा आधार असणार. मी जुनी पुस्तकं काढली. दाब, आकारमान, तापमान, सगळं वाचलं. सगळं पाठ होतं. स्लिपरचा तुकडा मात्र एकदाही डोक्यात आला नाही. तो लीक होता, मी तो बंद केला होता, विषय संपला होता.

रविवार आला. मामीनं कपाटातून चादर काढली तेव्हा मी ओळखली. मी गावाहून पहिल्यांदा आलो, त्या दिवशी तिनं माझ्यासाठी अंथरली होती तीच. घरातली एकमेव नवीकोरी. मी "दुसरी जुनी घे ना" म्हणालो.

"जुनीवर डाग दिसत नाही," ती म्हणाली. आणि अंगावर नेसली होती गेल्या वर्षीची डागांची साडी. पुरावा अंगावरच आणला होता.

सकाळी नऊला ट्रक निघाला. मामा स्टिअरिंगवर, नवा शर्ट घालून. मागं मामी हातात खडू घेऊन, रस्त्यावर थेंब दिसला तर गोल काढायला. तिच्या मागं महिला मंडळ. मी आणि मिस्त्री फुटपाथवरून. रिक्षावाले थांबून विचारत होते, कुणाची मिरवणूक आहे. बँड नाही, झेंडा नाही, एक रिकामा ट्रक पहिल्या गिअरमध्ये, आणि एक बाई खडू घेऊन त्याच्या मागं. आम्ही म्हणालो, चाचणी आहे. ते "अच्छा अच्छा" म्हणून पुढं गेले. मुंबईत कुणी जास्त विचारत नाही.

सगळ्या मार्गावर मामीला खडू वापरावा लागला नाही. सगळी पॅकिंगं नवी, सगळे बोल्ट आवळलेले. मामा आरशातून तिच्याकडं बघत होता आणि ती आरशात बघायचं टाळत होती.

विहारासमोर चौघांनी चादरीचे कोपरे धरून ती जमिनीवर ठेवली. मामानं ट्रक इंचाइंचानं पुढं घेतला.

"टायर चादरीवर गेला तर याद राखा!"

"अगं, मी वीस वर्षं चालवतोय."

"चादरीवर वीस वर्षं नाही चालवला!"

चादर बरोब्बर इंजिनाखाली आली. इंजिन चालू. कमिटीनं मंडपाच्या खुर्च्या मांडल्या. पन्नासेक माणसं एका चादरीकडं बघत बसली. चहा आला. अर्धा तास झाला. चादर पांढरी. पाऊण तास. पांढरी. मामा केबिनमधून उतरला, दाराला टेकून उभा राहिला, आणि बैठकीनंतर पहिल्यांदा हसला.

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वरूनही बघा ना! वरही एक थेंब नाही." आणि बॉनेट उघडलं. मामी पुढं झाली, वाकली.

इंजिनात तेल मोजायची एक लांब काठी असते, आपल्या जागी घट्ट बसलेली. ती 'टप्' असा आवाज करून वर उडाली. कुकरची शिट्टी उडावी तशी. तिच्यामागून तेलाची चिळकांडी आली, आणि मामीच्या साडीवर, पदरापासून निऱ्यांपर्यंत, गेल्या वर्षीच्या डागांच्या वर एक नवीन, बऱ्यापैकी मोठी पिढी उमटली.

मिस्त्रीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आता तरी तो बूच काढू?" त्यानं विचारलं. मला नाही. मामाला.

"कसलं बूच?" मामी म्हणाली.

मिस्त्रीनं माझ्याकडं बोट केलं. "तुमच्या सायबानं पायपात ठोकलेला. स्लिपरचा."

"तो लीक होता," मी म्हणालो.

"लीक नाय रे मेल्या! इंजिनाचा श्वास आसा तो!" मिस्त्री इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बोलायला लागला. "आत डिझेल जळता, थोडी हवा पिस्टनच्या बाजून खाली येता. ती भायर जाऊक एक वाट लागता. ती तो पाइप. जुना इंजिन, म्हणून हवेबरोबर थोडा तेल येता. तू वाट बंद केलंस. मग हवा जाणार खय? झाकणातून जाता, चेंबरातून जाता, सिलातून जाता. मी एक जागा आवळतंय, ती दुसऱ्या जागेन येता. आता सगळा आवळला, तर काठी उडवून आली!"

दाब, आकारमान, तापमान. सगळं पाठ होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सील बदलूक खाली गेलंय तेव्हाच बघितलंय. काढूक हात लावलंय, तर तुझो मामा म्हणता, हात लावू नको. भाच्यान केलेला आसा. त्यात सायन्स आसा."

सगळे मामाकडं वळले. मामानं नव्या शर्टाच्या बाहीला तेल लागलंय का ते बघितलं. लागलं नव्हतं.

"मी पहिल्याच दिवशी बघितलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं तो पाइप उघडाच बघतोय. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, याला कधी झाकायचं नाही. पण म्हटलं, शिकलेल्या माणसानं आठ वेढे देऊन बांधलंय. काहीतरी नवीन निघालं असेल. आपण चौथी पास. आपण काय विचारायचं?"

मामी तेलकट पदर हातात धरून आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघत होती. "म्हणजे दोघांना माहीत होतं आणि तिसऱ्याला माहीत नव्हतं, आणि तिघंही पंधरा दिवस पॅकिंगं बदलत बसले? एका स्लिपरच्या तुकड्याला घाबरून?"

मामा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या साहेब.

"गाढवा," तो म्हणाला, "ठोकायच्या आधी विचारायचं तरी."

लाज वाटत होती, पण खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखंही झालं. "तुम्हीपण विचारायचं, मामा," मी म्हणालो. "मला ओरडायचं."

मिस्त्री खाली गेला. पक्कडीनं तारेचे आठही वेढे सोडवले आणि बूच ओढलं. इंजिनानं फुस्स करून मोठा श्वास सोडला, त्याचा आवाजसुद्धा खाली आला. आणि पाइपाच्या तोंडातून एक थेंब, जाड, काळा, अगदी सावकाश, चादरीच्या मधोमध पडला.

"थेंब पडला," कमिटीतला एक जण म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. अट अटच होती.

मामानं हळूच ट्रकच्या दारावर हात ठेवला. तो हात मी पाहिला आणि पुढं झालो. "तो थेंब ट्रकचा नाही," मी म्हणालो. "माझा आहे. पंधरा दिवस मी अडवून ठेवला होता. ट्रकची चाचणी अजून झालीच नाही."

हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. सगळ्यांनी मामीकडं पाहिलं. मामीनं त्या थेंबाकडं पाहिलं, स्वतःच्या साडीकडं पाहिलं, मग मिस्त्रीकडं.

"हा पाइप असाच गळणार का?"

"थोडा गळतलाच, वहिनी. श्वास घेता तो."

"मग त्याला भांडं द्या. म्हाताऱ्याला देत नाही का आपण?" समोरच्या आजोबांनी मान डोलावली. "चादर फिरवा. पलीकडची बाजू घ्या. पहिल्यापासून."

मिस्त्रीनं पाण्याची रिकामी बाटली घेतली, पाइपाखाली तारेनं टांगली. पाइपाचं टोक बाटलीत, पण तोंडाशी बोटभर फट ठेवून.

"ही फट कशाला?" मी विचारलं.

"विचारलंस? बरा झाला," मिस्त्री म्हणाला. "हवा जाऊक."

पुन्हा मार्गभर फेरी. पुन्हा खडू. पुन्हा चहा, या वेळी ज्यांनी आधी घेतला नव्हता त्यांनीही घेतला. ऊन डोक्यावर आलं. लोक घरी जाऊन जेवून परत आले. इंजिन एका लयीत चालू होतं, कुठून काही उडालं नाही. तास संपल्यावर मामी गुडघे टेकून ट्रकखाली वाकली आणि चादरीवरून तळहात फिरवला. हात उलटा करून सगळ्यांना दाखवला. कोरडा.

"तसबीर याच गाडीवर," ती म्हणाली. मामानं तोंड फिरवून आरसा पुसायला घेतला, जो स्वच्छच होता. "पण माझा तारेवर विश्वास नाही. हा," तिचं बोट माझ्याकडं, "पांढरा पायजमा घालून ट्रकच्या मागं पहिला चालेल. आमच्या पुढं. डाग पडला तर आधी त्याच्यावर."

मी चाललो. तीन तास, मान खाली घालून, रस्ता बघत. ओळखीचे लोक विचारत होते, काही हरवलंय का? माझ्या मागं बावीस पांढऱ्या साड्या, पुढं फुलांनी झाकलेला ट्रक आणि तसबीर, आणि मध्ये मी, एका पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवून. विहाराशी पोहोचल्यावर मामानं ती बाटली सोडवून वर धरली. तळाला दोन बोटं तेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामीनं आधी माझा पायजमा तपासला, मग आपल्या साडीचा काठ.

"एवढंच होतं?" ती बाटलीकडं बघून म्हणाली. "यासाठी माझी साडी दोनदा?"

चादर तिनं तीनदा धुतली. मधोमध एक पिवळट वर्तुळ राहिलंच. ती अजूनही पाहुणे आले की तीच अंथरते. मागं आई गावाहून आली होती. मामीनं चादर पसरली आणि ते वर्तुळ बोटानं दाखवलं. "बघा ताई, हे तुमच्या लेकाचं बी.एस्सी."

आईला वाचता येत नाही. तिनं खाली वाकून वर्तुळ नीट न्याहाळलं, त्यावरून अलगद हात फिरवला आणि विचारलं, "परीक्षेतलं आहे का?"

"हो आक्का," मामा दारातून म्हणाला. "त्यात आम्ही तिघं नापास."